ट्रेलरचा ड्रॉप माउंट घरी वेल्ड करताना

गाडीमागे ट्रेलर जोडायच्या माझ्या पहिल्या बॉल माउंटला तडा गेला आहे, हे मला गाडी धुताना कळलं. काळ्या रंगावर, वेल्ड जिथे संपत होता नेमक्या त्या जागेवरून, गंजाची केसाएवढी तांबूस रेघ निघाली होती. बोट फिरवलं तर हाताला काही लागत नव्हतं. वायर ब्रशने रंग काढला आणि खाली दोन सेंटिमीटरची चीर दिसली. आदल्याच दिवशी भरलेला ट्रेलर मागे घेऊन मी हमरस्त्यावरून आलो होतो. लोखंड जाड होतं, वेल्डही भरपूर मारला होता. पण वेल्डच्या टोकाचा मी विचारच केला नव्हता, आणि तो तिथूनच उघडायला लागला होता.

ज्यांनी गेट, टेबल, स्टँड असं थोडंफार वेल्डिंग केलं आहे आणि आता आपल्या ट्रेलरच्या उंचीला जुळणारा माउंट स्वतः करायचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. हातात रॉड कधीच धरला नसेल तर आधी दोन-तीन महिने दुसरं काहीतरी करा. टेबलाचा पाय मोडला तर फार तर टेबल पडेल. ट्रेलर सुटला तर तो मागच्या माणसाच्या अंगावर जातो.

कशाला हात लावायचा, कशाला नाही

हिचचे, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर जोडणीचे, दोन भाग असतात. गाडीच्या सांगाड्याला खालून बोल्टांनी बसवलेली चौकट आणि तिच्यातला चौकोनी पाइप म्हणजे रिसीव्हर. त्या पाइपात सरकवून पिनने अडकवायचा दांडा आणि त्याच्या टोकाचा बॉल म्हणजे बॉल माउंट. घरी करायचा तो फक्त दुसरा भाग. तो गाडीपासून सुटा असतो, टेबलावर घेऊन वेल्ड करता येतो, उलटासुलटा करून तपासता येतो आणि संशय आला तर भंगारात टाकता येतो.

रिसीव्हरची चौकट तयारच घ्या, तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेली. गाडीच्या सांगाड्याला वेल्ड मारायचा नाही, एक टॅकसुद्धा (वेल्डचा छोटा ठिपका) नाही. आजच्या गाड्यांच्या सांगाड्यात उच्च ताकदीचं पोलाद असतं आणि वेल्डच्या उष्णतेने जोडाशेजारच्या पट्ट्यात ती ताकद उतरते. शिवाय जवळच इंधनाची टाकी, वायरिंग आणि एअरबॅगची इलेक्ट्रॉनिक्स असते. बॉलला वेल्ड मारायचा नाही, कारण तो घडीव आणि कडक केलेला असतो. त्याच्या नटला टॅक मारून "आता सुटणार नाही" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी बॉलच्या दांड्यातच चिरेची जागा करून ठेवलेली असते. ट्रेलरच्या बाजूच्या कपलिंगलाही, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या वाटीलाही, तोच नियम.

आणखी एक गोष्ट आधीच बघा. अनेक देशांत अशा जोडणीच्या सुट्या भागालाही मंजुरी लागते. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ५५ याच विषयाचा आहे आणि बरेच देश तो पाळतात. तुमच्याकडे घरी केलेला माउंट सार्वजनिक रस्त्यावर चालतो का आणि विमा त्याला धरतो का, हे लोखंड कापायच्या आधी विचारून घ्या. चालत नसेल तर हा माउंट आवारात, शेतात, खासगी जागेतच वापरायचा.

मापं आणि वजनं

खाली जो माउंट सांगतो आहे तो भरलेल्या अवस्थेत ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरसाठी आहे. त्याहून जड ट्रेलरला कारखान्यात तपासलेला माउंटच घ्या. यात मी तडजोड करत नाही.

ट्रेलर नेहमीसारखा भरा, सपाट जमिनीवर उभा करा आणि कपलिंगखाली ठोकळा ठेवून त्याची चौकट जमिनीला समांतर करा. या स्थितीत कपलिंगच्या वाटीचा मध्य जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. मग गाडीत नेहमीची माणसं बसवा, आणि ट्रेलरचं तोंड (पुढचं टोक) जेवढं वजन टाकणार तेवढं वजन गाडीच्या अगदी मागच्या टोकाला ठेवून रिसीव्हरची उंची मोजा. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप हमखास फसवतं, कारण वजन आलं की मागची बाजू बसते. दोन उंचींतला फरक, त्यात बॉलची स्वतःची उंची धरून, म्हणजे तुमचा ड्रॉप.

तोंडाचं वजन मोजायला साधा वजनकाटा चालतो. ट्रेलर समांतर ठेवून कपलिंग काट्यावर टेकवा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हे जुनं ठोकताळ्याचं माप आहे. हलक्या ट्रेलरसाठी युरोपात याहून कमी धरतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बॉलवरच्या वजनाची जी मर्यादा दिली असेल ती अंतिम. तोंड फार हलकं झालं तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो. फार जड झालं तर गाडीची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं. ट्रेलरचं नाक वर राहिलं तर तोंडाचं वजन कमी होतं, म्हणून नाक समांतर किंवा किंचित खाली असावं.

बॉल घेताना एक बारीक फरक लक्षात ठेवा. ५० मिमीचा बॉल आणि २ इंची बॉल डोळ्याला सारखेच दिसतात, पण २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. २ इंची कपलिंग ५० मिमीच्या बॉलवर बसतं खरं, पण ढिलं, आणि खड्ड्यात उचकटू शकतं. कपलिंगवर कोरलेला आकडा वाचूनच बॉल घ्या.

जोर कुठे येतो

एवढं एक गणित समजून घेतलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. ७५ किलो तोंडाचं वजन, बॉल रिसीव्हरच्या तोंडापासून २५० मिमी मागे आणि दांड्याच्या मध्यापासून १२० मिमी खाली, असं धरा. वजनामुळे दांड्यावर सुमारे १८४ न्यूटन-मीटरचा वाक येतो. आता ब्रेक मारला. ७५० किलोच्या ट्रेलरने गाडीला अर्ध्या गुरुत्वाने ढकललं तर सुमारे ३,६८० न्यूटनचा रेटा बॉलवर येतो, आणि बॉल १२० मिमी खाली असल्याने त्याचा वाक ४४० न्यूटन-मीटर. हा वाक वजनाच्या वाकाच्याच दिशेने असतो, म्हणजे दोन्हींची बेरीज होते. नवशिके वजनाचाच विचार करतात. खरा मोठा जोर ब्रेकचा आणि झटक्याचा असतो, आणि ड्रॉप जितका जास्त तितका तो वाढतो.

५० मिमीच्या भरीव चौकोनी दांड्यात या बेरजेने सुमारे ३० मेगापास्कल ताण येतो. खड्डे आणि झटके धरून तो दुप्पट-तिप्पट होतो असं समजा, म्हणजे ६० ते ९०. साधं माइल्ड स्टील २५० मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं, तेव्हा लोखंड निवांत आहे. वेल्डचंही तसंच: ६ मिमी पायाचा, १०० मिमी लांबीचा एकच फिलेट (कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड), ७०१८ प्रकारच्या रॉडने नीट मारलेला, हिशोबाच्या सुरक्षित मर्यादेत जवळपास ६ टन पेलतो.

मग माझा माउंट का फुटला? कारण हा जोर एकदा येऊन थांबत नाही, लाखो वेळा येतो-जातो. आडव्या फिलेटच्या काठाशी, जिथे वेल्ड मूळ लोखंडाला भेटतो, तिथे ६० ते ८० मेगापास्कलचा चढउतार २० लाख वेळा झाला तर चीर सुरू होऊ शकते. म्हणजे २५० पेलणारं लोखंड वेल्डच्या काठाशी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाच थकतं. वेल्डचं टोक, टोकाशी राहिलेला खड्डा, काठाची खाच यांनी ते आणखी लवकर थकतं. म्हणून अजून जाड प्लेट, अजून मोठा वेल्ड यातून फारसं हाती लागत नाही. वेल्ड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठरवणं जास्त मोलाचं आहे.

लोखंड

दांडा ५० × ५० मिमीचा भरीव माइल्ड स्टीलचा बार, साधारण ३०० मिमी लांब. पोकळ पाइपही चालतो, पण त्याचे कोपरे गोल असतात आणि त्या गोलाईत रॉड मुळापर्यंत पोचवणं नवख्या हाताला कठीण जातं. भरीव बारचा कोपरा स्वच्छ असतो. २ इंची रिसीव्हरचं तोंड ५०.८ मिमीपेक्षा थोडं मोठं असतं, त्यामुळे ५० चा बार सहसा जातो. तरी घेण्याआधी तोंड मोजा. बाजूच्या दोन प्लेटा १० मिमी जाड आणि १०० मिमी रुंद. यांना मी गाल म्हणतो. बॉल बसायची पट्टी २० मिमी जाड.

भंगारातलं ओळख नसलेलं लोखंड इथे नको. कमानीच्या पट्ट्या, एक्सलचे तुकडे दिसायला दणकट असतात, पण त्यांत कार्बन जास्त असतो आणि वेल्डशेजारी ते काचेसारखे ठिसूळ होतात. शंका आली तर ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. जास्त कार्बनवाल्या जवळच फुटून झाडासारख्या पसरतात.

आराखडा

दांड्याच्या टोकाला उभी प्लेट चिकटवून तिच्याभोवती गोल वेल्ड मारायचा, हा सगळ्यांना आधी सुचणारा मार्ग. माझाही पहिला माउंट तसाच होता. त्यात वेल्ड ताणाला आडवा येतो आणि सगळा वाक त्या एका रेषेवर पडतो. त्याऐवजी दांडा दोन गालांच्या मध्ये घ्या, जोडावर दोन हात धरावेत तसा. मग वेल्ड दांड्याच्या लांबीने पळतात, चार रेषांत जोर वाटला जातो, आणि वेल्ड बाजूला ठेवला तरी दांडा स्वतः अखंड राहतो.

दांड्याचा मागचा ९२ मिमीचा भाग गालांच्या मध्ये येईल. त्याचं टोक गालांच्या मागच्या काठापासून ८ मिमी आत ठेवा आणि वरचा पृष्ठभाग गालांच्या वरच्या काठापासून १० मिमी खाली, म्हणजे फिलेट बसायला कोपरा मिळतो. खाली बॉलची पट्टी अशीच गालांच्या मध्ये शिरते, आणि गाल तिच्या खाली १० मिमी उतरतात. पट्टी मागे ७५ मिमी रुंद, पण गालांच्या मध्ये जाणारा भाग ५० मिमीला कापलेला. या खांद्याच्या आतल्या कोपऱ्यात आधी १० मिमीचं भोक पाडा आणि मग कापा, म्हणजे कोपरा गोल राहील. धारदार आतला कोपरा हीसुद्धा चीर सुरू व्हायची जागाच. खांदा आणि गाल यांच्यात ३ मिमी फट सोडा, तिथे वेल्ड मारायचा नाही.

बॉलचा मध्य गालांच्या मागच्या काठापासून निदान ७५ मिमी मागे हवा, नाहीतर वळणात कपलिंगचं नाक गालांवर आपटतं. जाड पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना करून बॉलवर कपलिंग ठेवा आणि हाताने दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. दांडा आणि पट्टी यांच्यामध्ये उरणारी खिडकी ८० मिमीपेक्षा कमी उंचीची असेल तर रॉड आत नीट फिरणार नाही. तेवढ्या लहान ड्रॉपला तयार माउंट घेणंच बरं.

गालांचे पुढचे कोपरे गोल करा. पिनचं भोक आराखड्यावरून मारू नका. दांडा रिसीव्हरमध्ये हवा तितका सरकवा आणि रिसीव्हरच्या भोकातूनच खूण करा. पिन १५.९ मिमीची असते, भोक १६.५ चं. आधी ५, मग १०, मग १६.५ अशा पायऱ्यांनी, उभ्या ड्रिल मशीनवर. बॉलच्या दांड्यासाठीचं भोक त्याच्या जाडीपेक्षा एक मिमीहून मोठं नको. सगळी भोकं वेल्डिंगच्या आधी.

तुकड्यांवर हात बसवा

हा टप्पा टाळायचा मोह होतो. टाळू नका.

२०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पुरेसं आहे. सरावाला ६०१३ रॉड, खऱ्या कामाला ७०१८. ७०१८ चा जोड चिवट होतो, पण त्याला ओल अजिबात चालत नाही. रॉडवरच्या ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये उतरतो आणि थंड झाल्यावर, कधीकधी दुसऱ्या दिवशी, चीर पाडतो. हवाबंद लहान पाकीट घ्या, कामाच्या दिवशीच फोडा, उरलेले रॉड सरावाला टाका. ओले रॉड परत कोरडे करायला ३०० अंशांच्या वर तापमान लागतं. उन्हात ठेवून ते होत नाही. ३.१५ मिमीचा ७०१८ डीसीवर, होल्डर पॉझिटिव्हला, ११० ते १३० अँपिअर. एक्स्टेंशनची वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, सारखा विझतो, मग माणूस उगाच रॉडला दोष देतो.

मिग मशीन (रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकवणारं) असेल तर मी दोनदा विचार करायला सांगेन. कमी ताकदीच्या मिगने जाड लोखंडावर वेल्डची देखणी रेघ पडते, पण ती वरवर बसलेली असते; खाली लोखंड वितळलेलंच नसतं.

१० मिमी प्लेटचे दोन तुकडे उलट्या टीसारखे उभे करा आणि एकाच बाजूने फिलेट मारा. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या पकडीत) धरून हातोड्याने वेल्डकडे वाकवून तोडा. आता तुटलेला भाग उजेडात धरा. मुळाशी लोखंडाची मूळ सरळ कड तशीच चकचकीत दिसत असेल तर तिथे वेल्ड शिरलाच नाही. पूर्ण रुंदीत खरखरीत, राखाडी, एकजीव तोड दिसली तर जमलं. गोल भोकं दिसली तर आर्क लांब होता किंवा ओल होती. सलग तीन तुकडे चांगले तुटेपर्यंत खऱ्या कामाला हात लावू नका. माझे अकरा तुकडे गेले होते, आणि आज वाटतं त्या दिवशी मी सगळ्यात जास्त शिकलो.

वितळलेलं डबकं वाचायला इथेच शिका. ठिणगीच्या लखलखाटाकडे न बघता तिच्या मागच्या नारिंगी डबक्याकडे बघायचं. त्याची कड दोन्ही प्लेटांना ओलसर चिकटून पुढे सरकली पाहिजे. एका बाजूला गोळा होऊन बसली की थांबा. आवाजही सांगतो: आर्क आखूड असेल तर पत्र्यावर पडणाऱ्या संततधारेसारखा एकसुरी आवाज येतो, लांब झाला की फडफडतो.

साफसफाई आणि श्वास

जोडाच्या दोन्ही बाजूंना २५ मिमीपर्यंत रंग, गंज आणि नव्या लोखंडावरची काळसर खपली ग्राइंडरने काढून चकचकीत धातू बाहेर आणा. खपलीवरून मारलेला वेल्ड वरून छान दिसतो आणि आतून पोकळ असतो.

जस्ताचा मुलामा असलेला तुकडा वेल्ड करू नका. त्याच्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तेलकटपणा काढायला ब्रेक क्लीनर वापरू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची द्रव्यं असतात, आणि आर्कची उष्णता आणि अतिनील किरणं यांनी त्यांच्यापासून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. थोडासा वायूही जीवघेणा ठरू शकतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली आणि फडका दूर नेऊन ठेवा.

हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची, चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बंद बूट. हवा खेळती, पण पंख्याचा झोत थेट जोडावर नको. पायाखाली कोरडं. आजूबाजूचं जळण्यासारखं सगळं बाहेर, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबा; लाकडाच्या भुशात पडलेली ठिणगी बऱ्याच वेळाने पेटते.

टॅक, आणि मग खरा वेल्ड

एक गाल टेबलावर आडवा ठेवा. त्यावर दांडा आणि पट्टी जागेवर ठेवा आणि दुसरा गाल वरून नुसता क्लॅम्प करा, अंतर बरोबर राहावं म्हणून. गुण्या लावून दांडा आणि पट्टी समांतर आहेत का बघा, मग फक्त खालच्या गालाला प्रत्येक रेषेवर दोन टॅक मारा. दुसरा गाल काढा, पुन्हा मोजा. टॅकनंतरही चुकलेलं ग्राइंडर लावून सोडवता येतं, वेल्डनंतर नाही. दांडा रिसीव्हरमध्ये सरकवून बघायची हीच वेळ.

५० मिमीचा भरीव बार उष्णता शोषून घेतो आणि पहिला वेल्ड थंड पडतो. म्हणून गॅसच्या ज्योतीने आधी सगळं सुमारे १०० अंशांपर्यंत गरम करा. तापमानाचा खडू नसेल तर जोडापासून दूर पाण्याचा एक थेंब टाका. चर्र करून लगेच उडाला की झालं.

आता वेल्ड. दांड्याच्या रेषांवर, गालाच्या पुढच्या काठापासून १० मिमी आत सुरुवात करा आणि मागे ओढत न्या. सगळ्यात जास्त वाक गालाच्या पुढच्या काठाशी असतो, त्यामुळे वेल्ड तिथे कधीच संपवायचा नाही. शेवट मागे, दांड्याच्या टोकाला वळसा घालून. टोकाला पोचल्यावर रॉड झटक्यात उचलू नका: क्षणभर थांबा, अर्धा सेंटिमीटर मागे या, खड्डा भरला की मग उचला. न भरलेल्या त्या खड्ड्याच्या मध्यातूनच तारेसारखी चीर निघते. माझ्या पहिल्या माउंटवर ती तशीच निघाली होती. गालाची पुढची उभी कड दांड्याला वेल्ड करायची नाही. ती तशीच सोडा.

८ मिमी पायाचा फिलेट तीन फेऱ्यांत: एक मुळाशी, दोन वर शेजारी शेजारी. प्रत्येक फेरीनंतर चिपिंग हातोडीने स्लॅग (वेल्डवर जमलेला कडक थर) पूर्ण काढा, वायर ब्रश मारा आणि बघा. फेऱ्यांचे शेवट एकमेकांवर येऊ देऊ नका, थोडे मागेपुढे ठेवा. दांड्याची एक रेष, मग पट्टीची एक, असं आलटून पालटून करा, म्हणजे गाल एका बाजूला ओढला जाणार नाही. मशीनलाही दम खाऊ द्या. त्यावर २०० अँपिअरला २० टक्के लिहिलं असेल तर त्या करंटला दहा मिनिटांत दोनच मिनिटं चालवायचं असा अर्थ. १२० ला जास्त वेळ मिळतो.

पहिला गाल पूर्ण झाला की दुसरा चढवा. त्याच्या वरच्या, खालच्या आणि टोकाच्या रेषा बाहेरून मिळतात. खिडकीतल्या दोन रेषा अर्ध्या पुढून आणि अर्ध्या मागून माराव्या लागतात. दोन्हींचे शेवट मध्यभागी भेटवा आणि तिथे एकमेकांवर चढवा. हे सगळ्यात अवघड काम आहे. घाई वाटली तर चहूबाजूंनी पुन्हा गरम करून दुसऱ्या दिवशी करा.

झाल्यावर पाण्यात बुडवायचं नाही, वारा घालायचा नाही. कोरड्या वाळूत पुरून किंवा वेल्डिंगच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश थंड होऊ द्या.

तपासणी

दुसऱ्या दिवशी, उजेडात, भिंगाने. काठाला नखाला अडकेल अशी खाच म्हणजे अंडरकट; ती भरून फ्लॅप डिस्कने गुळगुळीत करा, आणि ग्राइंडरच्या रेषा वेल्डच्या लांबीने जाऊ द्या, आडव्या नव्हे. मग डाय पेनिट्रंट, म्हणजे तीन डब्यांचा संच: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. साफ करा, लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, कापडाने पुसा आणि पांढरा मारा. जिथे चीर आहे तिथून लाल रेघ वर झिरपते. डोळ्याला न दिसणारी चीर अशी स्वतःहून समोर येते. लाल रेघ आली तर वरून वेल्ड मारून झाकू नका. चीर संपेपर्यंत खणून काढा, पुन्हा रंग लावून खात्री करा, मग भरा. दुसऱ्यांदाही आली तर तो माउंट सोडून द्या. शक्य असेल तर अनुभवी वेल्डरला एकदा दाखवा. त्याची नजर पाच मिनिटांत जे पकडते ते आपल्याला तासाभरात सापडत नाही.

रंग, साखळ्या आणि पहिली फेरी

रंग फिका द्या, पांढरा किंवा फिकट राखाडी, आणि पातळ. काळ्या रंगावर गंजाची रेघ शोधावी लागते, पांढऱ्यावर ती लांबूनच दिसते. गाल आणि दांडा यांच्यातल्या न वेल्ड केलेल्या फटीत पाणी जाऊ नये म्हणून सीलंट भरा. बॉलचा नट बॉलसोबत दिलेल्या टॉर्कनेच, टॉर्क पान्याने आवळा.

सुरक्षा साखळ्या या माउंटला अडकवू नका. त्या रिसीव्हरच्या चौकटीवरच्या कड्यांना जातात, म्हणजे माउंट मोडला तरी ट्रेलर गाडीलाच राहतो. दोन साखळ्या, ट्रेलरच्या तोंडाखाली एकमेकींना छेदून, जेणेकरून तोंड खाली पडलं तर त्या झोळीत अडकेल. प्रत्येकीची ताकद भरलेल्या ट्रेलरच्या वजनाइतकी तरी हवी, आणि वळणाला पुरेल तेवढीच ढील.

दांड्यावर आणि बॉलच्या पट्टीवर सेंटर पंचने एकेक ठिपका मारा आणि त्यांच्यातलं अंतर अर्ध्या मिमीपर्यंत मोजून आत कुठेतरी लिहून ठेवा. मग भरलेला ट्रेलर जोडून मोकळ्या जागेत हळू फिरा, काही वेळा जोरात ब्रेक मारा, खड्ड्यातून न्या. माउंट काढून तेच अंतर पुन्हा मोजा. ते बदललं असेल तर काहीतरी वाकलं आहे आणि हा माउंट वापरायचा नाही. बदललं नसेल तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर, मग ५०० नंतर, आणि पुढे प्रत्येक लांबच्या फेरीआधी गालांच्या पुढच्या काठाशी गुडघे टेकून टॉर्च मारून बघा.